लाल नंबर

पान पडद्यावर वरून खाली थोडं थोडं उतरत होतं. आधी निळी पट्टी आली, मग पांढऱ्या टोपीतल्या नर्सचं चित्र आलं. घुग्घुसला जिशानच्या इंटरनेट कॅफेत बाबुलाल खुर्चीच्या काठावर टेकून बघत होता. चंद्रपूरच्या एका नर्सिंग शाळेनं प्रवेशाचा निकाल यंदा पहिल्यांदाच इंटरनेटवर लावला होता, आणि त्या परीक्षेला त्याची पोरगी दामिनी बसली होती.

"भाऊ, हे वाचता नाई येत," जिशान म्हणाला. "याचा मराठी फॉन्ट माह्या कॉम्प्युटरात नाई."

अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं होती. कशावर काय लिहिलंय ते जिशानलाही कळेना. नंबर तेवढे इंग्रजीत, म्हणून शाबूत राहिले होते. काही हिरवे होते, काही लाल.

"नंबर सांगा."

"दोनशे अठरा."

जिशाननं पान खाली सरकवलं. दोनशे अठरा लाल होता. नुसता लाल नव्हता, धोक्याच्या दिव्यासारखा उघडझाप करत होता.

"लालमधी आहे, भाऊ," जिशान हळूच म्हणाला.

बाबुलाल चौथीपर्यंत शिकला होता, जिशान बी. कॉम. होता. प्रगतिपुस्तकातली लाल शाई दोघांनाही ठाऊक होती. तरी जिशाननं शाळेला फोन लावून पाहिला. रविवार होता, कोणी उचलला नाही. पान पुन्हा उघडू म्हणाला, तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली आणि पडदा काळा पडला.

बाबुलाल बाहेर आला. खरं तर त्याच्या मनासारखं झालं होतं. घुग्घुसच्याच खाण कॉलनीत राहणाऱ्या सोमाजीनं आपल्या पुतण्यासाठी दामिनीला मागणी घातली होती. पोरगा खाणीत कायम नोकरीवर होता, व्यसन नव्हतं. "नंबर लागला तं शीक," बाबुलाल दामिनीला म्हणाला होता, "नाई लागला तं मंग या पोराले हो म्हण." दामिनीनं होकारार्थी मान डोलावली होती. त्या दिवसापासून त्याला आतून वाटायचं, नंबर लागू नये. चंद्रपूरसारख्या शहरात पोरगी एकटी राहणार, वसतिगृहात, या विचारानं नदीवर जाळं टाकताना त्याचे हात थबकायचे.

आज ते सगळं मिटलं होतं, आणि त्याला बरं वाटत नव्हतं. कोळशाच्या ट्रकांनी उडवलेल्या धुळीतून चालताना त्याला हिवाळ्यातली एक सकाळ आठवली. माशाचा काटा तळहातात खोल रुतला होता. दामिनीनं पुस्तकातलं चित्र समोर ठेवून पट्टी बांधली होती. पट्टी सुटली. तिनं पुन्हा बांधली. पुन्हा सुटली. "राहू दे वं," तो म्हणाला, तर तिनं वर न बघताच त्याचा हात आपल्याकडे ओढला आणि पहिल्यापासून गुंडाळायला सुरुवात केली.

सोमाजी दारात खाट टाकून वाटच बघत होता. बाबुलालनं चहा घेतला, सांगायचं ते सांगितलं आणि उठला. सोमाजी खाटेवरून उठला नाही.

घरी तो एवढंच म्हणाला, "लालमधी आहे." त्याच्या बायकोनं, मीराबाईनं, कपाळाला हात लावला. दामिनी मासे साफ करत बसली होती, ती तशीच बसून राहिली.

"दामिनी, उद्या सकाळच्या गाडीनं चंद्रपूरले जाऊ," बाबुलाल म्हणाला.

"लुगडी पाहून घेजो चांगली," मीराबाई म्हणाली. तो जाळं आवरायला लागला. त्याला बोलणं तसंही कमीच जमायचं.

गाडीत दामिनी पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होती. चंद्रपूरला उतरल्यावर ती कापड बाजाराच्या दिशेनं वळली, पण बाप दुसऱ्याच रस्त्यानं निघाला होता. लोकांना विचारत विचारत तो नर्सिंग शाळेच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"बाई, पुढच्या सालचे फारम कवा निघतात?"

दामिनीनं बापाकडे पाहिलं.

"कोणासाठी पाहिजे?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"हे पोरगी. यंदा नाई लागला नंबर. दोनशे अठरा."

बाईंनी समोरच्या यादीवर बोट फिरवलं. "लागलाय की. दामिनी ना? निवड झालीये हिची."

"पण लालमधी होता."

"लालमध्येच आहेत निवड झालेल्या मुली. हिरव्या त्या वेटिंगच्या." बाईंनी सुस्कारा टाकला. "साइट करणाऱ्या मुलानं विचारलं, रंग कोणता देऊ. मी म्हटलं, आनंदाची बातमी आहे, लग्नपत्रिकेसारखा लाल दे. लग्नघरच्या लायटिंगसारखं चमकव म्हटलं. सकाळपासून जो तो रडतच येऊन राहिला. वर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय ना?"

"अक्षर नाई दिसले, बाई," बाबुलाल म्हणाला. "रंगच दिसला."

दामिनी तिथंच पायरीवर बसली. ओढणीनं तोंड पुसलं, हसली, पुन्हा पुसलं. मग एकाएकी थांबली.

"बाबा, काल तुमी सोमाजीमामाले काय सांगून आले?"

"पोरगी नापास झाली म्हनलं," बाबुलाल म्हणाला. "पास झाल्याबिगर तिचं लग्न कसं लावून देऊ, म्हनलं."