परतीची हमी

"ही परत येईल कशावरून?" शिकागोच्या फ्रेंच व्हिसा ऑफिसातल्या ऑफिसरनं विचारलं आणि डॉक्टर उल्हास रेग्यांची तळपायाची आग मस्तकात गेली. मारिसेल त्यांची केअरगिव्हर, पासपोर्ट फिलिपिन्सचा. पॅरिस बघायचं दोघांनाही होतं, पण तिच्या आधाराशिवाय डॉक्टरांना दहा पावलं टाकता येत नव्हती.

"पासपोर्ट नीट बघा. चार वेळा मनिलाला आईकडे गेली, चारही वेळा ठरल्या दिवशी अमेरिकेत परत आली. अजून काय पुरावा हवा? आणि मला का नाही विचारत?"

"तुम्ही अमेरिकन नागरिक आहात, सर. तुम्हाला व्हिसाच लागत नाही. असं करा, तुम्हीच हिची हमी लिहून द्या. तुमचा शब्द आम्हाला पुरेसा आहे."

डॉक्टर तणतणत लिहायला बसले. 'प्रवास संपताच परत येईल' इथवर आले आणि पेन थांबलं. त्र्याहत्तर साली मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत त्यांनी स्वतःबद्दल हेच लिहून दिलं होतं: शिक्षण संपताच मायदेशी परत येईन.

पुढे आईला अग्नी धाकट्या भावानं दिला, तेव्हाही डॉक्टर शिकागोतच होते.