पुन्हा पहिल्यापासून

एकाच खोलीत दोघी सख्ख्या बहिणी मंत्रध्यान शिकवायच्या. सकाळी थोरली, संध्याकाळी धाकटी. थोरलीकडे मंत्र खणखणीत आवाजात, एका दमात म्हणायचा. कुणाचा श्वास मध्येच तुटला, की ती टेबलावर टकटक करायची आणि सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून! धाकटीकडे ओठसुद्धा हलवायचे नाहीत. मंत्र मनात येईल तसा येऊ द्यायचा, निसटला तर निसटू द्यायचा.

"हिच्या वर्गात माणसं पेंगतात," थोरली म्हणायची.

"आणि ताईकडे कवायत चालते," धाकटी म्हणायची.

मग घशाच्या ऑपरेशनमध्ये थोरलीचा आवाज गेला. आता सकाळीही गप्प बसायचं, असं आम्ही धरूनच चाललो होतो. पण धाकटी आली, थोरलीच्या खुर्चीशेजारी बसली आणि तिनं खणखणीत आवाजात मंत्र सुरू केला. हुबेहूब थोरली! आम्ही चाट पडलो. थोरली मात्र मान खाली घालून बसलेली.

जरा वेळानं धाकटीचा श्वास मध्येच तुटला.

टकटक!

थोरलीची मान वर आली होती. डोळ्यांत तीच जुनी जरब.

"चुकलं गं ताई," धाकटी म्हणाली. "चला, पुन्हा पहिल्यापासून."

वर्ग सुटल्यावर जिन्यात मी धाकटीला विचारलं, "इतकं छान चाललं होतं, श्वास कसा काय तुटला?"

तिनं आधी वर दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तुटला नाही. निसटू दिला."