मडक्यातली शेवटची बिडी

शनिवारची प्रार्थना संपली आणि रूपराव गुरुजींनी मडकं उचलून व्हरांड्यात आणून ठेवलं. सगळी शाळा रांगेत उभी राहिली.

नियम साधा होता. आठवड्यात ज्यानं बिडी ओढली असेल, त्यानं एक बिडी नाहीतर थोटूक मडक्यात टाकायचं आणि शाळा सुटल्यावर गुरुजींजवळ बसून टकळीवर सूत कातायचं. छडी नाही, घरी निरोप नाही. ज्यानं ओढली नसेल त्यानं खुशाल घरी जावं.

देवळीजवळच्या, सूतकताईतून शिकवणाऱ्या त्या बुनियादी शाळेत १९५४ सालीही टकळी रोजच फिरायची. बिडी ही निम्मी बोटांची सवय, असं गुरुजींचं ठाम मत. बोटांना धागा द्यावा, जिभेला गप्पा द्याव्या, पोरगं आपोआप मोकळं होतं.

हेडमास्तर वासुदेवरावांचा या खुळावर काडीचा विश्वास नव्हता.

"दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुदत," ते म्हणाले होते. "सुट्टीआधीच्या शेवटच्या शनिवारी ज्याची बिडी मडक्यात पडेल, त्याचं नाव पटावरून कमी. मग मला अडवायचं नाही, रूपराव."

पोरांना गुरुजींनी हे सांगितलं नाही. भीती घातली की पोरं बिडी सोडत नाहीत, लपवायला शिकतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. सगळा घोर त्यांनी एकट्यानं पोटात ठेवला.

जुलैत नऊ पोरं बसायची. पोळ्यापर्यंत चार उरली. आणि गुरुजींना जरा हायसं वाटतंय, तोच सातवीतला जंगू एका शनिवारी रांगेतून पुढे आला आणि त्यानं मडक्यात बिडी टाकली. जुने सुटताहेत अन् नवा लागतोय, या विचारानं गुरुजींना त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

जंगू चौदा वर्षांचा गोंड पोरगा. आईबाप दूर जंगलात बांबू तोडायला. पोरानं चार बुकं शिकावी म्हणून त्याला गावातल्या चुलत्याकडे ठेवलेला. चुलत्याच्या घरी त्याला वेळेवर भाकर मिळे, निजायला घोंगडी मिळे. तिथं त्याला कोणी मारत नव्हतं आणि कोणी हाकही मारत नव्हतं.

दसरा झाला. बाकीचे चौघंही सुटले. मडक्यात आता एकच बिडी पडायची, जंगूची. इतर पोरं चुरगळलेली थोटकं टाकत, हा मात्र अख्खी, दोराही न सुटलेली बिडी टाकी. अख्खी बिडी हातची सोडतो म्हणजे पोरात धमक आहे, अशी गुरुजी मनाची समजूत घालत.

"काऊन रे जंगू, या आठवड्यातही?"

"हो जी."

"कितीक ओढते?"

"एकच जी."

"कशी लागते?"

जंगूनं जरा विचार केला. "गोड लागते जी."

आजवर प्रत्येक पोरगं कडू म्हणालं होतं, तिखट म्हणालं होतं. ज्याला गोड लागते त्याची कशी सुटायची?

मग गुरुजींनी बिडीचा विषयच सोडला. सूत कातता कातता ते त्याला विचारत, तुमच्या बोलीत चिमणीला काय म्हणतात, चुलीला काय म्हणतात. जंगू सांगे, गुरुजी ते शब्द चुकीचे म्हणत आणि जंगू पोट धरून हसे. वर्गात तोंड न उघडणारं पोरगं शनिवारी तासभर बोलायचं. गुरुजींना ते फार आवडायचं, आणि तरी हा तास लवकर बंद पडावा म्हणून ते देवाला साकडं घालायचे.

दिवाळीआधीचा शेवटचा शनिवार उजाडला. हेडमास्तर स्वतः मडक्याजवळ येऊन उभे राहिले. एकेक पोरगं रिकाम्या हातानं पुढे गेलं. जंगू आला, त्यानं खिशातून अख्खी बिडी काढली आणि हसत हसत मडक्यात टाकली.

"झालं समाधान?" हेडमास्तर हळू आवाजात म्हणाले. "सोमवारी नाव कमी."

"सोमवारपर्यंत थांबा," गुरुजी म्हणाले. "तोवर मी काहीतरी करतो."

दुपारी टकळी घेऊन दोघं बसले.

"जंगू, तुले इथं बसाचं कामच पडू नये, एवढंच मले पाहिजे बाबू."

जंगूचा धागा तुटला. त्या दिवशी त्यानं पुन्हा धागा जोडला नाही.

रविवारी सकाळी गुरुजी तडक बायजाच्या दुकानावर गेले. गावात बिडी मिळायची ती तिथंच. बायजा फुटाणे भाजत होती.

"बायजाबाई, हात जोडतो. त्या जंगूले आता बिडी देऊ नका. उद्या शाळेतून नाव कटते त्याचं."

बायजानं झारा बाजूला ठेवला. "कोन, थो चुलत्याकडं राह्यते थो? थो तं शनवारच्या शनवारी एकच नेते. मले म्हने, गुर्जीले द्याची हाये. मी म्हनलं, मास्तर असून बी बिडी मंगवते!"

"मले?" गुरुजी बघतच राहिले. "अवो, थो स्वतः ओढते!"

"थो काय ओढते, गुर्जी!" बायजा हसायलाच लागली. "कालच मले इचारत होता, मावशी, हे कोन्या बाजूनं पेटवतात वो?"