अर्जदाराने समक्ष यावे

शेजारच्या लवूने आधी गटारात उतरून पाणी पाहिलं. गुडघ्याला लागलं. तो वर बघत म्हणाला, "चलात. पण जपान. खालचो चिरो हालता."

त्याच्यामागून दत्ताराम उतरला. काठावर जयराम आणि बाबुश टॅक्सीवाला होते. चौघांनी मिळून साल्वादोरला खुर्चीसकट उचललं. खुर्ची उजवीकडे कलली, कारण अर्धांगवायू झाल्यापासून साल्वादोरचं सगळं अंगच उजवीकडे पडायचं.

"मामा, माझ्या मानेक घट धरा," दत्ताराम म्हणाला.

साल्वादोरने डाव्या हाताने धरलं. उजवा हात मांडीवर होता, तेरेझाने सकाळी ठेवला होता तसाच.

नवऱ्याची खुर्ची माणसांच्या डोक्यांवरून पलीकडे जाताना तेरेझा अंगणात उभी राहून बघत होती. एप्रिलपर्यंत याच जागेवरून बाबुशची टॅक्सी आत यायची, थेट पायरीला लागायची आणि दर बुधवारी साल्वादोरला कुडाळच्या डॉक्टरकडे न्यायची. हाताला विजेचा शेक, पायाला व्यायाम. असंच चालू ठेवलं तर वर्षाअखेर कात्री धरतील, असं डॉक्टर म्हणाले होते. साल्वादोर शिंपी होता.

मे महिन्यात नगरपालिकेने रस्त्याच्या कडेने चार फुटांचं गटार खणलं. शेजारच्या सगळ्या फाटकांसमोर गटारावर ये-जा करायला लाद्या पडल्या. लोबोंच्या फाटकासमोर पडली नाही. का, ते कुणी सांगितलं नाही. तेरेझा माडाचं खोड आडवं टाकून ये-जा करू लागली. खोडावरून टॅक्सी येत नाही, आणि खुर्ची उचलायला चार माणसं दर बुधवारी मिळत नाहीत. पाऊस सरेपर्यंत साल्वादोरची उजवी मूठ मिटली. आता ती तेरेझाला दोन्ही हातांनीही उघडत नव्हती.

लादीसाठी तिसरा अर्ज घेऊन ती नगरपालिकेत गेली तेव्हा ओव्हरसियर साहेबांनी तो पुरता वाचला होता.

"अर्ज साल्वादोर लोबोंच्या नावाचा आहे. तुम्ही अर्जदार नाही, बाई. अर्जदाराने समक्ष यावं लागेल."

"तेंका भायर येवक वाट नाय, साहेब. म्हणानच अर्ज केलो."

"हो ना? मग तेच त्यांनी येऊन सांगावं."

म्हणून आज ही खटपट. तेरेझाने त्याला प्रार्थनेला जायचा पांढरा शर्ट घातला होता. टॅक्सीत बसवताना शर्टाला चिखल लागला. तिने तो पुसला नाही. पुसला तर पसरला असता.

ओव्हरसियर साहेब माणूस वाईट नव्हता. चौघे खुर्ची घेऊन दारात आले तसा तो स्वतः उठला. टेबल सरकवून जागा केली, पंखा वाढवला, शिपायाला चहा सांगितला. मग खाली बसून त्याने छापील कागद पुढे ओढला.

"नाव?"

"साल्वा... दोर लोबो."

"अर्ज आपलाच?"

साल्वादोरने मान हलवली.

"आज राहत्या घरून आलात?"

"होय."

साहेब लिहीत गेला. अक्षर सुरेख होतं. लिहून झाल्यावर त्याने ते भराभर वाचून दाखवलं, देवळातल्या भटजींनी संकल्प सांगावा तसं. "आज दिनांक एकवीस ऑक्टोबर एकोणीसशे शहाऐंशी रोजी अर्जदार श्री. साल्वादोर लोबो हे राहत्या घरून निघून कार्यालयात समक्ष हजर राहिले. सबब सदर घरास जाण्यायेण्यास अडथळा असल्याचे दिसून येत नाही. अर्ज निकाली."

पंखा फिरत होता. भिंतीजवळ उभ्या लवूच्या पँटमधून पाणी गळून फरशीवर डबकं झालं होतं.

"चार जणांनी उचलून आणल्यानी, साहेब," तेरेझा म्हणाली. "ते बघा, आजून भिजलेले आसत."

साहेबाने लवूकडे बघितलं, मग डबक्याकडे. त्याने कागदही उलटून पाहिला. "बाई, आले की नाही एवढंच या नमुन्यात विचारलेलं आहे. कसे आले, याला रकाना नाही."

दत्ताराम काहीतरी बोलायला पुढे झाला. जयरामने त्याचा दंड धरला.

आपल्याला राग येईल, असं तेरेझाला वाटलं. ती वाट बघत राहिली. राग आला नाही. चहावर साय धरली होती आणि ती सायच बघत होती. 

"इथे सही."

शिपायाने पेन साल्वादोरच्या उजव्या हाताशी नेलं. तेरेझाने ते घेऊन डाव्या हातात दिलं आणि कागद धरून ठेवला. पहिलीतलं पोर पाटीवर काढतं तसं त्याने एकेक अक्षर काढलं. त्याला खूप वेळ लागला. कुणी घाई केली नाही. साहेबानेही नाही.

सही झाल्यावर साल्वादोरला धाप लागली. कचेरीतलं ते भरभर मराठी त्याच्या कानावरून गेलं होतं. आपलं नाव तेवढं त्याला ओळखू आलं होतं.

"काय लिवल्यान गो?" त्याने विचारलं.

तेरेझाने पदराने त्याची हनुवटी टिपली.

"तू कचेरीत इलंस, म्हणान लिवल्यान."

"इलंय मगे," साल्वादोर म्हणाला, आणि कितीतरी महिन्यांनी त्याच्या तोंडाची डावी बाजू हसली.