कोपऱ्यातली लाल गाठ

"ही गाठ आधी उपटा," सचिव म्हणाला.

"कुठली?" सूनबाईने विचारलं. जणू तिला ठाऊकच नव्हतं.

"ही काय, लाल. अख्ख्या निळ्या काठात एकटीच लाल, त्यातून वाकडी. राजदूतांच्या दिवाणखान्यात डाग पडलेला गालिचा अंथरायचा?"

"डाग नाही साहेब, खूण आहे. आमच्या प्रत्येक गालिच्यावर असते."

सूनबाई. केस पिकले तरी कारखान्यात सगळे तिला सूनबाईच म्हणत. नक्षी तिची. हा दिवाणखाना रिकामा होता तेव्हा ती दिवसभर इथे जमिनीवर बसून होती, ऊन कुठून येतं आणि कुठपर्यंत सरकतं ते बघत. खिडकीजवळची निळी लोकर तिने मुद्दाम एक छटा गडद घेतली होती. काही वर्षांनी ती उन्हाने विटेल आणि तेव्हा कुठे बाकीच्या निळ्याशी जुळेल. छतावरच्या नक्षीतली वेल तिने खाली गालिच्यात उतरवली होती. खिडकीपाशी भिंत बाहेर वळत होती, तिथे गालिच्याचा काठही वळत होता. अंगाला बेतलेल्या कपड्यासारखा. म्हणजेच दुसऱ्या कुणाच्या घरात न बसणारा.

तीन निळ्या, एक पांढरी, दोन निळ्या.

नक्षीच्या कागदावरून ओळ सूनबाई मोठ्याने वाचायची आणि मागावरच्या बाया तिच्या सुरावर गाठी मारायच्या. प्रत्येक गालिचा खालच्या काठापासून चार बोटं वर आला, की सासूबाई खाटेवरून उठायच्या.

"सरका गं."

आणि जमिनीवर बसून एकच गाठ मारायच्या. लाल. डाव्या हाताने.

जेवण उजव्या हाताने, लिहिणं उजव्या हाताने, कुणाचे कान पिळायचे ते उजव्या हाताने. फक्त ही गाठ डावीने. नवी नवरी असताना सूनबाईने एकदा विचारलं होतं.

"आई, डाव्या हाताने का?"

"उजव्याने सरळ येते."

"मग येऊ दे की सरळ!"

"तू नक्षी काढ. माझ्या गाठीत नाक खुपसू नकोस."

तेव्हापासून सूनबाईने नाक खुपसलं नाही. उलट मिरवलं. गिऱ्हाईक आलं की ती कोपरा उचलून दाखवायची, घराण्याची खूण म्हणून. दुसऱ्या कारखान्यांतल्या दोघातिघांनी त्या खुणेची नक्कलही करून पाहिली, पण त्यांची गाठ सरळ यायची.

एक लाल.

"काढता, की मी काढू?" सचिवाने खिशातून चिमटा काढला. माणूस तयारीनेच आला होता.

सूनबाई सरळ त्या कोपऱ्यावर जाऊन बसली. चांगली फतकल मारून.

"खूण गेली तर गालिचा आमचा नाही. मग गुंडाळा. आम्ही परत नेतो."

बोलून तर गेली. परत नेऊन ठेवणार कुठे? कारखान्याने वर्षभर दुसरं काम घेतलं नव्हतं. गल्लीभर तीच सांगत फिरली होती, की एवढे मोठमोठे कारखाने सोडून आमचं नाव थेट वरून आलं. "वरून म्हणजे कुठून?" असं तिने तेव्हा सचिवाला विचारलंही होतं. "कोण जाणे," तो म्हणाला होता, "आम्हालाही नवलच वाटलं." तिने ते कौतुकच समजलं होतं.

"बस तिथेच," खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या. एरवी त्या गालिचा पोचवायला कधी जात नसत. आज मात्र सकाळपासून ठेवणीतलं लुगडं नेसून तयार होत्या. त्या बसल्या जागेवरून चारी बाजूंना बघत होत्या. "दिवाणखाना छान आहे. पण किती शांत गं! आपल्याकडे पूर्वी मागाखाली विणकरणींच्या पोरांचा नुसता बाजार भरायचा. सगळी कुठच्या कुठे पांगली."

"आई, आत्ता नको."

दार उघडलं. सचिवाने चिमटा खिशात लपवला.

नव्या राजदूत आत आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, आखूड कापलेले केस. सचिव त्यांच्या भाषेत भराभर बोलला, कोपऱ्याकडे हात केला, नाक मुरडलं. ते समजायला भाषा यावी लागत नव्हती.

सूनबाई उठून उभी राहिली. मान ताठ.

"त्यांना सांगा, ही आमच्या घराण्याची खूण आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. आमच्या घरात चूक होत नाही, म्हणून आम्ही ही एक मुद्दाम ठेवतो."

सचिवाने तोंड उघडलं. राजदूतांनी हात वर करून त्याला थांबवलं.

त्यांनी छताची वेल पाहिली, मग खालची. खिडकीजवळच्या गडद निळ्यापाशी क्षणभर रेंगाळल्या. मग बूट काढले आणि कोपऱ्यात येऊन चक्क मांडी घालून खाली बसल्या. लाल गाठीवरून बोट फिरवलं. डाव्या हाताचं.

मग मान वळवून त्या खुर्चीतल्या सासूबाईंकडे बघत राहिल्या. तो डावा हात हळूच स्वतःच्या कानावर गेला.

"उद्या उपटते म्हणाला होतात काकू, ही माझी गाठ," राजदूत सूनबाईच्याच भाषेत म्हणाल्या, "आणि माझा कान मात्र त्याच दिवशी उपटलात."