निळ्या काठाचा थर

टसर रेशमाचे किडे कोळ्याच्या जाळ्यासारखा चिवट धागा काढू लागले, तेव्हापासून आरमोरीच्या हातमागांवर पोलिसांची चिलखतं विणली जात. वीस थर, वीस विणकरणी, प्रत्येकीच्या काठाचा रंग वेगळा. गोळी लागलेलं चिलखत त्यांना दाखवायला आणायची रीतच होती.

हवालदार रेवती मडावी दुखरी छाती धरून, पण स्वतःच्या पायांनी आली. त्या विणकरणींपैकी सरूबाईनं एकेक थर उलगडला. दहा फाटले होते. पण फाटता फाटता धाग्यांनी शेजारच्या धाग्यांना ओढून मार वाटून घेतला होता. अकराव्यावर गोळी बटणासारखी चपटी होऊन बसली होती.

"काय वीण आहे! कुणाची, मावशी?"

काठ निळा होता. स्वतःचा मुलगा गोळीनं गेला, त्याच महिन्यात सरूबाईनं तो थर विणला होता.

"जेवूनच जाजो, पोरी," ती म्हणाली.