जमुनाबाईचं तोंड

“ऊठ बुढ्या! ही खाट का तुया बापानं लग्नात देल्ली होती?” जमुनाबाईनं खाटेला हिसका दिला.

ओट्यावर चहा पीत बसलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. कॅन्सर झालेल्या नवऱ्याशी बाई अशी बोलते! केवळराम कण्हत उठला, जाळं खांद्यावर टाकलं आणि तलावाच्या पाळीकडे, मातीच्या बांधाकडे चालू लागला. मागून टोपली घेऊन जमुनाबाई, आणि तिच्या तोंडाचा पट्टा.

केवळरामचा जन्म मासेमारीत गेला होता. साठी उलटल्यावर प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि नागपूरला इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरनं नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं होतं, “या इंजेक्शनानं अंगातलं बळ जातं, हाडं ठिसूळ होतात. रोज चाला, झेपेल तेवढं वजन उचला. खाट धरू नका.” केवळरामनं मान हलवली आणि घरी येऊन खाट धरली. डॉक्टरचं ऐकलं ते फक्त जमुनाबाईनं.

गावाला दया फार. दयेला खर्च तो किती? एक बिस्किटाचा पुडा. तो घेऊन यायचं, खाटेवर टेकायचं, चहा ढोसायचा आणि कुठला कोण कॅन्सरनं कसा तडफडून मेला ते रंगवून सांगायचं. उठताना वर म्हणायचं, “आराम कर गा.” बिमार माणसाला चालायला लावणारा डॉक्टर गावाच्या मते येडाच होता. केवळराम हळूहळू पाळीच्या टोकापर्यंत न थांबता जाऊ लागला, ते कोणाला दिसलं नाही. गावाला फक्त जमुनाबाईचं तोंड ऐकू येत होतं.

मग लाखांदूरहून त्याची थोरली बहीण गोदावरीबाई आली. भाऊ ओलं जाळं ओढताना दिसला आणि तिनं पाळीवरच हंबरडा फोडला. “कसाईण हायेस व तू! माया भावाले मारून टाकशीन!”

“न्या मंग,” जमुनाबाई म्हणाली. “खाटेवर बसवा अन् पूजा करा.”

केवळराम गेला. अगदी खुशीनं गेला.

लाखांदूरला पाणी हातात, ताट मांडीवर, लघवीचं भांडं खाटेखाली. भाचा अंकुश रोज पाय चेपायचा. गोदावरीबाई फोनवर साऱ्या नातलगांना सांगायची, “भावाचे पाय मी भुईले लागू देत नाही.” खरंच सांगत होती ती. केवळरामचं पोट सुटलं, मांड्या वाळल्या. एकदा कोणी नसताना तो उठायला गेला, तर गुडघे लटपटले आणि तो पुन्हा खाटेवर पडला. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. लाज वाटली.

पुढच्या इंजेक्शनाची वेळ आली, तसा तो परत निघाला. गावच्या, म्हणजे अड्याळच्या, स्टँडवर एसटी थांबली. गावातली चार माणसं मुद्दाम येऊन उभी होती. फुकटचा तमाशा कोण सोडतो? कंडक्टरनं केवळरामला धरून दाराशी आणलं. पायरी बघूनच त्याला धडकी भरली. खाली जमुनाबाई उभी होती. तो तिच्या शिव्यांची वाट बघू लागला.

जमुनाबाईनं त्याच्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात पुढे केला.

“हळू उतरा जी,” ती म्हणाली. “काही घाई नाही. मी आहो न.”

“आली बाईले अक्कल,” कोणीतरी समाधानानं बोललं.

केवळरामनं तो आवाज ओळखला. आख्ख्या संसारात या आवाजात ती एकदाच बोलली होती. त्याच्या बापाशी. त्याच आठवड्यात म्हातारा गेला होता.

त्यानं दाराचा दांडा घट्ट पकडला. “जमुना, अशी नोको बोलू व. मले शिवी दे.”

तिनं पदरानं डोळे पुसले, नाक ओढलं. मग साऱ्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडली, “उतर बुढ्या! बहिणीनं पाय का लोणच्यात घातले होते?”

केवळरामनं पाय उचलला.